शनिवारचे देश

रत्नागिरी,
१८ ऑगस्ट १९८५

चि. राही,

काल दुपारी गंगाराम पोस्टमनने फाटकातूनच हाक दिली, "काकू, लंडनचं पत्र आलं हो." पाकिटावर टांझानियाचं जिराफाचं तिकीट, आणि हा मनुष्य चेहरा जरासुद्धा न हलवता लंडन म्हणतो. त्याला तसं का म्हणावं लागतं ते तुला पुढे कधीतरी सांगेन. ओटीवर बायका बसल्या होत्या. पत्र पदराखाली घेतलं आणि त्या गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.

तुला चौथा महिना लागला. देवापुढे साखर ठेवली. चार वर्षांत तुझी सहा पत्रं आली, त्यांत 'प्रिय आई' अशी सुरुवात असलेलं हे पहिलंच. बाकीची तारखेने सुरू व्हायची. आप्पांना कूस बदलून देताना त्यांच्या कानात बातमी सांगितली. त्यांना कितपत कळलं ते सांगता येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आहे असं लिहिलं आहेस. ती ओळ मी दोनदा वाचली. मग पुढची ओळ वाचली. जोसेफ रजा काढून बरोबर येईल, आणि तुम्ही दोघं पुढच्या दाराने घरात याल. तसं असेल तरच.

राही, आप्पांचा विचार कर. त्यांची उजवी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. गंगुबाई सकाळी येऊन उचलायला मदत करते, बाकी मीच. बाजारात गेले तरी अर्ध्या तासात परत येते. समुद्र पाच मिनिटांवर आहे, पण मी तो गेल्या दिवाळीनंतर पाहिलेला नाही. ऐकते फक्त. अशा माणसाला धक्का बसेल असं काही घरात नको. त्यांनी तेव्हा काय म्हटलं होतं ते तुला माहीत आहे. म्हणून मला वाटतं, तू एकटी ये. ऑक्टोबरात ये, बाळ दोन महिन्यांचं झालं की जोसेफने मुंबईला यावं आणि तिथून तुम्हाला घेऊन जावं. सगळ्यांनाच सोपं होईल.

बायका कसल्या, म्हणशील. तू गेल्यावर मी शनिवार सुरू केले. दुपारी तीन ते पाच आमच्या ओटीवर एक देश असतो. लवूमामाने जहाजावरून आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटातून काढायच्या, ॲटलासचं पान उघडून ठेवायचं, मी रेडिओवर ऐकलेलं सांगायचं, आणि त्या देशाचं काहीतरी खायला करायचं. इटलीला शेवया उकडून त्यावर टोमॅटोचं घट्ट सार ओतलं. बँकेतल्या साहेबांची बायको मालन म्हणाली, "विमलाताई, इटलीला फोडणी हवी होती." जपानच्या वेळी मी कच्च्या माशाचं सांगितलं, तर शेजारची सावित्री म्हणते, "मग आमची मनी जपानीच म्हणायची." असं चालतं. आजवर एकतीस देश झाले. आफ्रिकेतला एकही अजून झालेला नाही, सामान मिळत नाही म्हणून.

डोहाळे कशाचे लागलेत ते लिहिलं नाहीस. मला तुझ्या वेळी भिजल्या मातीचे लागले होते. जप.

तुझी,
आई

रत्नागिरी,
२९ सप्टेंबर १९८५

चि. राही,

तू रागावलीस की तुझं अक्षर सुंदर येतं. शाळेपासून तसंच. पत्र वाचण्याआधी मी नुसतं पाहिलं, आणि ओळखलं.

"आई, तुला जग आवडतं, पण कपाटात. कुलूप लावून." हे वाक्य घेऊन मी बरेच दिवस घरात फिरते आहे. तू म्हणतेस तितकं ते खरं नाही.

सिस्टर बर्नाडेट आम्हाला भूगोल शिकवायच्या. आयर्लंडच्या. कॉन्व्हेंटच्या पत्र्याखाली मे महिन्यात बसून त्या त्यांच्या गावचं धुकं सांगायच्या, आणि खरं सांगते, आम्ही मुली हात काखेत घालून बसायचो. मी आयर्लंड तिथेच पाहिलं. पुढे त्यांनी मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला मुंबईला पाठवायचं ठरवलं. बोटीचं तिकीटही निघालं. वडिलांनी मला धक्क्यावरून परत आणलं, ती गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. मग ज्या कचेरीतून ते तिकीट निघालं तिथल्याच कारकुनाशी माझं लग्न झालं. आप्पांनी तीस वर्षं लोकांना मुंबईची तिकिटं दिली आणि मी त्यांना डबा दिला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कारण जाऊन तरी लोक काय पाहतात? आपला लवूमामा वीस वर्षं जहाजावर होता. मी त्याला योकोहामाचं विचारलं. म्हणाला, "बंदरात चहा बरा मिळतो." ब्राझीलचं विचारलं. म्हणाला, "उकाडा." वीस वर्षांत दोन वाक्यं. आणि मी इथे ओटीवर बसून जपानी बायका फुलं कशी मांडतात, ब्राझीलच्या लोकांना कॉफी किती गोड लागते, ते सगळं सांगू शकते. जो जातो त्याला सामान सांभाळायचं असतं, पोट सांभाळायचं असतं. घरी बसलेल्या माणसाचं लक्ष मोकळं असतं. मला हे मनापासून आवडतं, राही. नाइलाज म्हणून नव्हे.

यंदा पाऊस संपायला तयार नाही. कपाटाच्या मागे बुरशी आली, ॲटलासची पानं चिकटली. दारं फुगली आहेत. पुढचं दार खांद्याने ढकलावं लागतं म्हणून ते मी उघडतच नाही. स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करते. दिवसभरात मी आप्पांच्या खोलीपासून विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. काल मोजली, बेचाळीस पावलं.

तू पुन्हा विचार कर. एकटी आलीस तर मी तुला तळहातावर ठेवीन. जोसेफबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तू आल्यावर लोक येणार, बसणार, विचारणार. त्यांना मी काय सांगू? इथे प्रश्न एकट्या आप्पांचा नाही.

पाय सुजतात का? सुजत असतील तर उशीवर ठेवून झोप.

आई

रत्नागिरी,
२० नोव्हेंबर १९८५

राही,

तुझं चार ओळींचं पत्र दिवाळीत आलं. एकटी येणार नाहीस. आणि येण्याजाण्याचं राहू दे, एवढंच सांग म्हणतेस, त्या दिवशी मी तसं का म्हणाले.

आठ दिवस मी उत्तर जुळवत होते. आज जुळवायचं सोडलं आणि लिहायला बसले.

तुम्ही पुण्याच्या एसटीने आलात. मी मागच्या पडवीत विळीवर बांगडे साफ करत होते. तुझी हाक आली म्हणून तशीच पुढे आले, हात न धुता. तो ओटीवर उभा होता. पांढरा शर्ट, आणि बारा तासांच्या प्रवासातही त्याने तो चुरगळू दिला नव्हता. तू त्याला शिकवून आणलं होतंस. तो वाकला, आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. शिकामो. 'मी तुमचे पाय धरतो', असा त्याचा अर्थ होतो आणि थोरांना ते म्हणतात, हे तू मला नंतर लिहिलंस.

मी दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "शिवू नकोस, मी सोवळ्यात आहे."

हाताला माशांचं रक्त, आणि सोवळं. आपल्या घरातलं सोवळं तुझ्या आजीबरोबर गेलं. मी तर कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुलींच्या डब्यातलं खाऊन वाढलेली. म्हणून तू आधी हसलीस, तुला वाटलं आई थट्टा करते. मग तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस.

तो मात्र हसला नाही. त्याला वाटलं हा इथला रिवाज असेल आणि आपल्या हातून तो मोडला. "सॉरी" म्हणाला. राही, त्या ओटीवर माफी मागितली ती त्याने. मी मान हलवली, जणू माफ केलं.

का, विचारतेस. तो माझ्या ओटीवर खरा आला होता. त्याला घाम आला होता, त्याची सावली माझ्या पायावर पडली होती, तो पाणी मागणार होता, जेवणार होता, आपल्या मोरीत अंघोळ करणार होता. रेडिओतली माणसं असलं काही करत नाहीत. आणि तो वाकला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी शेजारच्या ओटीकडे पाहिलं, कोणी बघत आहे का म्हणून. कोणी नव्हतं. तरी मी म्हणाले.

पुढचं याहून वाईट आहे.

त्या दिवशी आप्पा अंघोळीला होते. बाहेर आले तेव्हा फाटक अजून हलत होतं. म्हणाले, "राहीचा आवाज आला ना गो?" मी सांगितलं, आली होती, घाईत होती, आफ्रिकेच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "काळा आहे तर असेना. आमच्या बोटीवरचे खलाशी काय गोरे होते? जेवायला तरी थांबवायचं होतंस." एवढंच. मग आठवड्याने मी तुला पुण्याला लिहिलं, 'आप्पा म्हणतात दोघांनी या घरात पाऊल टाकू नये.' ते त्यांनी म्हटलेलं नव्हतं. त्यांना मी सांगत राहिले की तू लिहीत नाहीस. तुझी पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत.

आता त्यांचे चार-पाच शब्द उरलेत. पाणी. नको. गो. आणि राही. ऑगस्टात तुझी बातमी त्यांच्या कानात सांगितली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आण." अगदी स्पष्ट. मी तुला लिहिलं, कितपत कळलं सांगता येत नाही.

आणि लंडन. तू गेल्यावर सावित्रीने विचारलं, राही कुठे असते? मी म्हटलं, परदेशात. ती म्हणाली, लंडनला? मी नाही म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी बायकांनी तुझं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. मी कोरा कागद हातात धरून बीबीसीवर ऐकलेलं धुकं वाचलं. तेव्हापासून वाचतेच आहे. तुझं लग्न झालेलं नाही, तू मोठ्या लायब्ररीत काम करतेस, तुझ्या घरमालकिणीचं नाव मिसेस हॉपकिन्स आहे आणि तिला संधिवात आहे. सावित्री तिच्यासाठी निरगुडीचं तेल पाठवणार होती. गंगारामने एकदा मला विचारलं, "काकू, लंडनात जिराफ असतात होय?" मी पाकीट पदराखाली घेतलं. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी लंडन म्हणतो.

म्हणजे तू जोसेफबरोबर या दारात उभी राहिलीस तर काय काय पडेल ते तुला आता कळलं असेल. मी आप्पांना पुढे केलं, कारण ते आता बोलू शकत नाहीत.

आणखी एक, म्हणजे सगळं झालं. धक्क्यावर वडिलांनी मला अडवलं नव्हतं. बोट खोल पाण्यात उभी होती, तिथवर पडावातून जायचं होतं. वडील माझी ट्रंक घेऊन आधी पडावात उतरले आणि हात वर करून उभे राहिले. "ये गो, धरतो तुला." मी पाय उचलला नाही. मागचे लोक ओरडायला लागले. शेवटी ते ट्रंक घेऊन वर आले. परत येताना वाटेत म्हणाले, "लोकांना सांगू, मीच नको म्हटलं." इतक्या मायेने म्हणाले की मी स्वतःलाही तेच सांगत आले. चाळीस वर्षं.

घरी बसून जग पाहायला मला आवडतं हे खोटं नाही. पण मला दुसरं काही करून पाहायचा धीर झाला नाही, हे मी त्याच्याखाली ठेवलं होतं.

मला दहा दिवस दे. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या.

आई

रत्नागिरी,
१ डिसेंबर १९८५

चि. राही,

काल झालं. जसं झालं तसं लिहिते.

चौघी आल्या. ॲटलास मी आफ्रिकेवर उघडून ठेवला होता. कपाटातलं काहीच काढलं नव्हतं, कारण तुमच्याकडचं आपल्या कपाटात काही नाही. नारळाच्या दुधातला भात केला होता, तू मागे लिहिलं होतंस तसा. आणि तुझं खरं पत्र हातात घेतलं, जुनं, टांगा गावात घायपाताचे मळे आहेत आणि ते बघून आपल्या कुंपणाच्या वईची आठवण येते असं लिहिलेलं. वाचलं. जोसेफची आई तुला भाजी निवडू देत नाही, म्हणते तू फार सावकाश निवडतेस, तेही वाचलं.

मालन म्हणाली, "राही लंडनहून आफ्रिका बघायला गेली होय?"

मी म्हटलं, "नाही. ती तिथेच राहते. तिचा नवरा तिथला आहे. चार वर्षं झाली. आता तिला दिवस आहेत."

कोणी भाताला हात लावला नाही. मग सावित्रीने विचारलं, "तिथला म्हणजे? आपल्यातला कोणी तिथे नोकरीला असलेला?"

"तिथलाच. जोसेफ. इंजिनियर आहे. पुण्याला शिकायला होता."

"आणि आम्ही ऐकत होतो ते लंडन?"

"रेडिओचं."

"आणि मिसेस हॉपकिन्स?"

"नाही, सावित्री. तीही नाही."

सकाळपासून थांबलेली गंगुबाई आतल्या दाराशी टेकून बसली होती. ती म्हणाली, "आणि सोवळ्याचं? ते पण सांगा की बायनू. मी होते तेव्हा मागच्या पडवीत. मासं कापताना सोवळं नेसलेली बाय मी जल्मात बघितली नव्हती." चार वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. मग मी तेही सांगितलं.

सावित्री उठली. तिने आपलं ताट स्वतः आत नेऊन घासलं, पालथं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "विमलाताई, तुमच्या मुलीने कोणाशी लग्न केलं ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या म्हातारीच्या गुडघ्यांसाठी मी देवीला नारळ बोलले होते." आणि गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या. पायऱ्या उतरताना एक म्हणाली ते मी ऐकलं, "हबशी गो, हबशी." तुला लपवत नाही. इथे आलात तर हा शब्द तुम्हाला ऐकू येईल.

मालन राहिली. तिने ताट पुढे ओढलं. "हा तर आपला नारळीभातच की. फक्त गूळ विसरलेत." मग म्हणाली, "जावई तिखट खातो का?" माझा जावई तिखट खातो की नाही ते मला माहीत नाही. तिथे मी रडले.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं, दोघांना बोलावते. आधी त्यांना ट्रंकेतली तुझी पत्रं वाचून दाखवली, सगळी, एकामागून एक. ते वरच्या वाशांकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गो." फक्त तेवढंच, आणि माझ्याकडे मान वळवली नाही. तो राग होता की काय, मला कळलं नाही. विचारायची माझी प्राज्ञा नाही.

आज सकाळी शिवा सुताराला बोलावून पुढचं दार तासून घेतलं. आता ते एका बोटाने उघडतं. आज रविवार, म्हणून तार उद्या करीन, 'दोघं या.' हे पत्र मागून येईल. आप्पांच्या शेजारची खोली तुम्हाला देते. तुम्ही कधी येता तेवढं कळवा. आणि तो तिखट खातो का, ते.

आई

रत्नागिरी,
१२ जानेवारी १९८६

चि. राही,

तुझी तार डिसेंबरातच आली होती. 'प्रवास अशक्य, डॉक्टर.' सविस्तर पत्र काल मिळालं. रक्तदाब एवढा वाढला आहे तर विमानाचं नावही काढू नकोस. पडून राहा. मीठ सोड.

तू लिहिलं आहेस की ऑक्टोबरात डॉक्टर हो म्हणाले होते. ते लिहिताना तू खोडलंस आणि पुन्हा लिहिलंस, ते दिसलं मला. लिहिलंस ते बरं केलंस. ऑक्टोबरात तुझ्या हातात माझं जपान आणि ब्राझीलचं पत्र होतं.

तार आली त्याच आठवड्यात लवूमामाकडून पासपोर्टचा अर्ज भरून मुंबईला पाठवला. गंगुबाई म्हणाली, "तुम्ही जावा बायनू, आप्पांना मी बघते, माझ्या सासऱ्याला आठ वर्षं उचललं मी." आप्पांनाही विचारलं. त्यांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे घरातून कोणाची ना नव्हती. पोलीस चौकशीला येऊन गेला. म्हणाला, अजून दोन-तीन महिने धरा. तुला महिनाही राहिलेला नाही.

मला आयुष्यात पहिल्यांदाच जायचं आहे, आणि पहिल्यांदाच न जाण्याचं कारण खरं आहे. मी दिवसभर घरातून फिरते. पासपोर्टाचं पाकीट आलं का म्हणून फाटकाशी जाते, परत येते. गंगाराम लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. त्याला आता ओरडायला काही उरलेलं नाही. शनिवारी मालन एकटी येते, आम्ही दोघी चहा घेतो. सावित्री रस्त्यात दिसली तर पदर सारखा करते आणि पलीकडून जाते.

सोबत दुसरा कागद आहे, जोसेफच्या आईसाठी. मराठीत लिहिला आहे, कारण इंग्रजीत मला खोटं बोलणं सोपं जातं. तू त्यांना वाचून, समजावून सांग. मधलं काही गाळू नकोस, तुझ्याबद्दलचंसुद्धा.

आई

जोसेफच्या आईला विमलाचा नमस्कार.

तुमचं नाव राहीने मला कधी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. म्हणून अशी सुरुवात.

तुमचा मुलगा माझ्या दारात आला तेव्हा तुम्ही शिकवलं होतं तसा वाकला. मी ते घेतलं नाही. त्याने माझी माफी मागितली, ती त्याने मागायची नव्हती. त्याच्याकडून काहीही चुकलं नव्हतं, चुकलं ते माझं. हे त्याला मी वेगळं लिहीनच, पण त्याला जन्म देणाऱ्या बाईला आधी लिहावं असं वाटलं.

आमच्याकडे मुलीचं पहिलं बाळंतपण तिच्या आईने करायचं असतं. तो आईचा मान असतो आणि कामही. माझ्याकडून तो वेळ गेला. आता ते तुमच्याकडे आलं आहे.

मी तुमच्यासाठी एक यादी करायला घेतली होती. डिंकाचे लाडू कसे करायचे, अळिवाची खीर किती दिवस द्यायची, शेक कशाचा, डोक्याला काय बांधायचं. दोन पानं झाली. मग राहीचं काल आलेलं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही बाळंतिणीला मिरपूड घातलेली पेज देता आणि चाळीस दिवस घराबाहेर सोडत नाही. आम्हीही पेज देतो, पण तूप घालून. चाळीस दिवस आमचेही आहेत. मी यादी फाडली. तुम्ही तुमच्या रीतीने करा. मला नंतर कोणीतरी सांगा कसं केलंत ते. मला ते बायकांना सांगायचं नाही, फक्त ऐकायचं आहे.

दोन जुनी सुती लुगडी पार्सलने पाठवते आहे. खूप धुतलेली आहेत, बाळाच्या अंगाला टोचणार नाहीत. तुमच्याकडे अशा वेळी दुसरं काही वापरत असाल तर ती राहीच्या उशाखाली घाला.

राहीबद्दल थोडं. ती दुखलं तरी सांगत नाही, ओठ आत घेते. तो आत गेला की समजा. तिला भूक लागली की ती चिडते आणि स्वतःला कळत नाही. काही हवं का विचारलं तर "नको" म्हणते. पुन्हा विचारा. मी पहिल्या "नको"वर उठून जात असे.

आणि कळा सुरू झाल्या की आमच्या मुली "आई गं" म्हणून ओरडतात. सगळ्याच ओरडतात, आई जवळ असो नसो. ती तसं ओरडली तर ती मला हाक मारते आहे असं समजून तुम्ही बाजूला होऊ नका. मला इथवर ऐकू येणार नाही. तुम्हीच ओ द्या.

विमला